ओल्या कापसाची कबुली

माहूरच्या रेणुकाआईवर आमच्या घराची पिढ्यांची श्रद्धा. पण त्या वर्षी मला वाटायला लागलं होतं, की तिने आमच्याकडे पाठ फिरवली. माझ्या सोळा वर्षांच्या मुलाला दोन वर्षं हैदराबादच्या सुधारगृहात ठेवायचा आदेश झाला होता. त्यावर आदिलाबादच्या कोर्टात आम्ही अपील केलं होतं. त्याची आई चुलीपुढे बसून राहायची, आणि मी गप्प होतो.

गप्प का होतो, ते आता सांगतो. मुलाच्या हातून ते घडलं त्या दिवशी बाजारात न्यायच्या कापसावर मी पहाटे पाणी मारलं होतं. वजन भरतं म्हणून बरेच जण मारतात, मीही मारायचो. मुलाला ठाऊक नव्हतं. काट्यावरच्या माणसाने कापसात हात घातला आणि चार लोकांत मला चोर म्हणाला. "माह्या बाबाले चोर काऊन म्हणता?" एवढंच माझा मुलगा बोलला, आणि हमालाचा लोखंडी आकडा त्याने उचलला. त्या माणसाचा डोळा गेला.

मुलाच्या घरची चौकशी करायला आलेल्या अधिकाऱ्यांना मी पाण्याचं सांगितलं नाही. पोरगं रागीट आहे, माझं ऐकत नाही, असं बोलून गेलो. तेच अहवालात उतरलं, की हा घरी ठेवण्याजोगा नाही. पुढे भेटीला गेलो तेव्हा त्याने हळूच विचारलं, "बाबा, कापूस ओला व्हता का?" मी म्हणालो, "नाई रे."

अपिलाच्या आधी मी माहूरचा गड चढलो. रेणुकाआईपुढे सगळं कबूल केलं, आणि मुलगा घरी येऊ दे, पण झाकलेलं झाकलेलंच राहू दे, असं मागितलं. असं मागणं मागताना मला लाजही वाटली नाही.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर एक म्हातारी बसली होती. तिचा शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा खटला होता. "काऊन आले, भाऊ?" तिने विचारलं. जे मी बायकोला सांगितलं नव्हतं, ते त्या अनोळखी बाईला सांगून बसलो. का, ते आजही कळत नाही. शेवटी म्हणालो, "देवीपुढं समदं कबूल केलं म्या."

ती हसली. "तिले कायले सांगता? तिले ठाऊकच हाये. ठाऊक नाई ते आतल्या साहेबाले."

"पण देवी..."

"तिची तारीख हाये का आज? तुमची हाये. जा."

तेवढ्यात आमचा पुकारा झाला.

न्यायाधीशांनी विचारलं, मुलाला घरी सांभाळाल का? वकिलांनी फक्त 'हो' म्हणायला बजावलं होतं. माझ्या तोंडून निघालं, "साहेब, कापूस ओला व्हता. पाणी म्या मारलं. पोरगं माह्यं ऐकत नाई, हे बी खोटं हाये." मुलगा तिथेच उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. बाहेर आलो तर बाक रिकामा होता. ती कोण होती, मी कुणाला विचारलं नाही.

नवा अहवाल मागवला गेला. दोन वर्षांचं एक झालं. तो सुटला नाही. बाजारात आता माझा कापूस कुणी धड बघत नाही. ज्यांचा डोळा गेला, त्यांच्या दारी गेलो होतो. त्यांनी पाणीही विचारलं नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे.

मुलगा चार महिने माझ्याशी बोलला नाही. मी दर महिन्याला जायचो, समोर बसायचो, उठून यायचो. गेल्या खेपेला म्हणाला, "खरं बोलाले इतके दिवस लागले तुमाले?" मी "हो" म्हणालो. मग त्याने मला त्याचा हात धरू दिला, थोडा वेळ.

त्या थोड्या वेळासाठी मी रेणुकाआईचा जन्माचा ऋणी आहे. आता तिच्यापुढे उभा राहतो तेव्हा काही मागत नाही. मला माफ करायचं की नाही, हे त्याचं त्याने ठरवावं. तो घरी येईल तेव्हा दार उघडं ठेवणं तेवढं माझ्याकडे आहे. बाकी तिच्यावर सोडलं आहे.