आतला माणूस

शारजातल्या रोल्लाहून बर दुबईच्या ऑफिसला मी ज्यांच्या गाडीतून जायचे, ते काका रोज रेडिओवरच्या बातम्यांशी भांडत. त्या वर्षी अमेरिकेत निवडणूक होती. "अध्यक्ष आतलाच हवा. बाहेरच्याला कुठलं दार ढकलायचं आणि कुठलं ओढायचं, तेच कळत नाही. खलास," म्हणत ते स्टीअरिंगवर थाप मारायचे. मागच्या सीटवरून मी फक्त "हो काका" म्हणायचे.

आमच्या मराठी मंडळाचीही निवडणूक आली. काका कितीतरी वर्षं सेक्रेटरी होते. "या वेळी अध्यक्षपद आपलं, इन्शाल्ला," असं ते सिग्नलला थांबले की हळूच म्हणत. समोर होते पुण्याहून नुकतेच आलेले एक बँकेतले साहेब.

सभेत तरुणांपैकी कुणीतरी बोलावं म्हणून मला उभं केलं. काकांची बाजू घ्यायची, एवढंच डोक्यात होतं. मी म्हणाले, "काकाच हवेत. ते आतल्या गाठीचे आहेत."

सगळा हॉल हसला. त्याचा अर्थ मंडळाच्या आतला माणूस असाच होतो, अशी माझी समजूत होती. काकाही हसले. पण मतदानाला त्यांनी हात वर केला, तो बँकेतल्या साहेबांसाठी. ते पाहून बाकीचे हातही वर गेले.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी धीर करून विचारलं, "काका, माझ्यामुळे का?"

"नाही गं. तू बरोबरच बोललीस. इतकी वर्षं आत राहिलं की माणूस तसाच होतो."

माझी समजूत काढायला ते असं म्हणाले असतील, असं मी धरून चालले. पण आरशात दिसत होतं, ते हसत नव्हते.