व्याह्यांच्या टोपीवरचं जाळं

जुमाकादिरनं चाळीस वर्षं लग्नांचे फोटो काढले. आमच्या खोऱ्यातली एकही नवरी त्याच्या कॅमेऱ्यातून सुटली नाही आणि एकीलाही आपला फोटो आवडला नाही. "नाक एवढं मोठं आहे का माझं?" हे ऐकून ऐकून त्याचे कान किटले. साठी उलटल्यावर तो आठ पायांच्या कोळ्यांकडे वळला. कोळी कुरकुरत नाही, म्हणे.

शनिवारी गावच्या सभागृहात प्रदर्शन होतं. तिथं भिंतीवर आपल्या नावानिशी एक फोटो लागावा, एवढीच त्याची हाव. लग्नाच्या फोटोखाली फोटोवाल्याचं नाव कोण लिहितो?

उन्हाळाभर आम्ही वर कुरणावर, लोकरीच्या नमद्याच्या तंबूंत; माझा तंबू जुमाकादिरच्या शेजारीच. गुरुवारी त्याच्या दाराशी एका कोळिणीनं ताटाएवढं जाळं विणलं. सकाळच्या दवाशिवाय जाळं फोटोत उठून दिसत नाही, हे त्यानं इतक्यांदा ऐकवलं होतं की आमच्या मेंढ्यांनाही पाठ झालं असेल. तेवढ्यात कोळीण धाग्यावरून सरसर खाली उतरली. कोळी असा उतरला की पाहुणा येतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याची बायको उल्कान झाडू घेऊनच धावली.

"अगं, जाळं! उद्या फोटो काढायचाय!"

"पाहुणा दारात जळमटं बघणार आणि नावं मला ठेवणार. तुम्हाला काय हो!"

एका फटक्यात जाळं गेलं. कोळिणीला मात्र तिनं अलगद बाहेरच्या खुंटावर सोडलं. निरोप आणणाऱ्याला कोणी मारतं का?

संध्याकाळी पाहुणा आलाच. तोही साक्षात व्याही, लेकीचे सासरे एशेनकुल. टोपी जमिनीवर ठेवणं म्हणजे अब्रूच ठेवणं, म्हणून हात धुताना त्यांनी आपली उंच पांढरी टोपी खुंटाला अडकवली. मग घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे इतके वाडगे रिचवले की टोपी तिथंच राहिली.

शुक्रवारी सकाळी निघताना त्यांनी टोपीकडे हात नेला, तोच जुमाकादिर ओरडला, "हात लावू नका!"

टोपीच्या काठापासून तंबूच्या दोरीपर्यंत नवं जाळं, दवानं चिंब.

"व्याही, मी बोडका उभा आहे!"

"उभे राहा की. फक्त जरा सरका, सावली पडतेय."

उल्काननं कपाळ बडवून घेतलं. आता लेकीला सासरी काय काय ऐकावं लागणार! पण व्याही सरकले. जुमाकादिर अर्धा तास ओल्या गवतात पालथा पडून होता.

"झालं," तो उठून म्हणाला.

व्याह्यांनी पुन्हा हात पुढे केला आणि थांबले. कोळीण मधोमध बसून माशी गुंडाळत होती.

"राहू दे," ते म्हणाले. "माझ्या येण्याची वर्दी हिनंच दिली होती ना? तिचं घर मोडून मी काय मिरवू?"

व्याह्यांना बोडकं कसं धाडायचं? प्रदर्शनासाठी जपलेली नवऱ्याची कोरी टोपी उल्काननं काढली आणि त्यांच्या डोक्यावर चढवली. जुमाकादिरचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याच्या जुन्या टोपीची तर त्यानं परवाच कॅमेऱ्याची पिशवी केली होती.

प्रदर्शनात तो बोडकाच आला. भुवयांपर्यंत रापलेला, वर अंड्यासारखा पांढरा. व्याही भेटेल त्याला सांगत होते, "फोटोतली टोपी माझी, माझ्या डोक्यावरची त्याची!"

जुमाकादिरला फोटो दिसतच नव्हता. तो खालच्या चिठ्ठीवरचं आपलं नाव वाचत होता, पुन्हा पुन्हा. डोळे पुसायला त्यानं सवयीनं डोक्याकडे हात नेला. टोपी नव्हती. मग माझ्या बाहीलाच पुसले.