सहा-चौदाला हाक

व्हेरा मटुलिसच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर स्कॅनर, म्हणजे अग्निशमन दलाचं बोलणं ऐकवणारा रेडिओचा डबा, असायचा. भोंगा वाजला की नवरा, बेनी, जेवण टाकून आग विझवायला पळायचा आणि ती कोबी परतत त्या डब्यातून त्याचा आवाज ऐकत राहायची. ‘सहा-चौदा, परततोय,’ असं कानावर पडलं की त्याचं ताट पुन्हा वाढायची. सहा-चौदा हा बेनीचा क्रमांक. पेन्सिल्व्हेनियातल्या त्या कोळशाच्या खोऱ्यात आग विझवणारे सगळे गावचेच, बिनपगारी. त्यामुळे घरोघरी असाच डबा.

यंदा काउंटीने, म्हणजे जिल्हा प्रशासनाने, नवी रेडिओ यंत्रणा आणली. तिच्यावरचं बोलणं बाहेरच्यांना ऐकू येत नाही. जुनी फ्रिक्वेन्सी बंद झाली, डबे मुके झाले. व्हेरा मात्र आपला डबा चालूच ठेवून नुसती खरखर ऐकत बसायची.

मग बेनी गेला.

दलाचा प्रमुख लिओ हुडाक तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. टोपी हातात घेऊन आला.

“मावशी, शेवटची हाक नव्या चॅनेलवरून देऊ. दफनभूमीत वॉकीटॉकी मोठ्याने लावतो.”

शेवटची हाक म्हणजे गेलेल्याचा क्रमांक रेडिओवर तीनदा पुकारायचा आणि दर वेळी थांबून उत्तराची वाट बघायची.

“आणि गल्लीने काय ऐकायचं?”

“ज्यांना ऐकायचंय त्यांनी वर दफनभूमीत यावं.”

“शेजारची स्टेला नाकात ऑक्सिजनची नळी घालून टेकडी चढेल? का तू खांद्यावर आणणार आहेस तिला?”

“मावशी, जुन्या चॅनेलवर बोललो तर माझं पद जाईल.”

“जाऊ दे. तुझी आई जेवायला घालेल तुला. एवढी वर्षं गल्लीतल्या बायांनी बेनीचा आवाज ऐकला, आणि आता त्याला हाक मारलेली त्यांना कळायची नाही? जुन्या चॅनेलवर हाक झाल्याशिवाय शवपेटी खाली जाणार नाही. आडवी पडेन मी.”

“अगं, फादर काय म्हणतील?”

“त्यांनाही हेच सांग.”

त्या संध्याकाळी तिने गल्लीभर फोन केले. उद्या डबे लावा, खिडक्या उघड्या ठेवा.

दुसऱ्या दिवशी लिओने जुना बंब दफनभूमीत आणला. त्यातला जुना रेडिओ अजून कुणी काढला नव्हता. त्याने माइक तोंडाशी धरून दबक्या आवाजात पुकारलं.

“सहा-चौदा.”

खालच्या खिडक्याखिडक्यांतून तोच आकडा वर आला. सगळे थांबले.

“सहा-चौदा.”

या वेळी मात्र रेडिओ खरखरला. काउंटीच्या नियंत्रण केंद्रातून एक तरुण आवाज आला, “या चॅनेलवर कोण आहे? हे बंद केलंय. ताबडतोब मोकळं करा.”

लिओचा चेहरा उतरला. व्हेराने त्याच्या हातातून माइक ओढून घेतला.

“मी व्हेरा मटुलिस. माझ्या नवऱ्याला हाक मारलीय आणि आम्ही उत्तराची वाट बघतोय. तू मध्ये बोलू नकोस.”

तिने माइक लिओच्या हातात कोंबला.

“पुकार. एकदा राहिलंय.”

लिओने घसा साफ केला. “सहा-चौदा,” तो म्हणाला, आणि या वेळी त्याने आवाज मुळीच दबका ठेवला नाही.