फोल्डरले शेपूट नसते

माझी वहिनी तुळसा हिने चाळिशीत संगणकाचा कोर्स केला आणि कारधा गावातल्या आमच्या घरीच वर्ग काढला. मी तिची नणंद, म्हणजे चेष्टेचा पहिला हक्क माझा. फाइलच्या नावामागे टिंब देऊन जी अक्षरं असतात, त्यांना ती शेपूट म्हणायची. संगणक ही शेपटी झाकून ठेवतो आणि ही बाई ज्याच्यात्याच्या घरी जाऊन ती उघडी करायची. "फाइलीवर चित्र कोणतंबी लावता येते. शेपूट पाहा," हे तिचं पालुपद. ती दिसली की आम्ही म्हणायचो, आली शेपटीवाली!

माझी आई सत्यभामाबाई धानाच्या रोवणीला गाऊ लागली की शेजारच्या बांधीतल्या बायांचेही हात भराभर चालत. मग लकव्याने तिचा एक हात आणि वाचा गेली. त्याआधी विनोदने, माझ्या भावाने, तिची गाणी मोबाइलवर घेतली होती. तो मोबाइल बिघडला आणि आईचा आवाज एका पेनड्राइव्हवर उरला. तोच पेनड्राइव्ह घेऊन हा शहाणा नव्या मोबाइलमध्ये गाणी भरायला मोबाइलच्या दुकानात गेला. तेव्हा सगळ्या गावाचे पेनड्राइव्ह तिथल्या एकाच संगणकाला लागत.

गावातल्या बायांनी आईचा सत्कार ठेवला. मांडववाल्या कमलेशने तिची गाणी लावायला लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला. 'आई' नावाचा फोल्डर दिसला, पण कितीदा दाबला तरी उघडेना.

"व्हायरस हाये, काकू. फॉर्मॅट मारतो, दुसरं गाणं लावू."

फॉर्मॅट म्हणजे सगळं पुसणार!

"हात नको लावू!" वहिनीने पेनड्राइव्ह उपसला आणि तरातरा घरी निघाली. अर्धा मांडव तिच्यामागे.

तिच्या संगणकावर तोच पिवळा फोल्डर दिसला, पण नाव होतं 'आई.exe'.

"पाहा! फोल्डरले कधी शेपूट असते का? हा फोल्डर नोहोय, सोंग हाये. उघडाले गेलं का व्हायरस चालू होते."

"मंग खरा कोठी गेला?" विनोदने विचारलं.

"यानं लपवला. मिटवला नाही."

तिने लपवलेल्या फाइली दाखवायची खूण केली. फिकट रंगाचा दुसरा 'आई' वर आला. सोंग पुसलं, खरा उघडला. सगळी गाणी जागच्या जागी! मी तिला मिठीच मारली.

कमलेशच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला असणार, म्हणून त्याला तिने पेनड्राइव्ह पुन्हा लावू दिला नाही. विनोदच्या हाती आपला संगणक देऊन ती पुढे निघाली, आणि आम्ही वरात निघाल्यासारखे मागे. मांडवात भोंग्याची वायर जोडली आणि आईचा खणखणीत आवाज पार वैनगंगेपर्यंत गेला. बायांनी उभं राहून झील धरली. वहिनीचा तोरा काय वर्णावा, पण त्या दिवशी तो तिला शोभत होता.

आई खुर्चीत चमकून इकडेतिकडे बघत होती. कोण गातंय ते शोधत होती. मग तिला कळलं. तिने धड असलेला हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर थोपटत राहिली.

"हो माय," वहिनी तिच्यापुढे बसून म्हणाली, "तूच गाऊन राहिली."