चुलीमागच्या विटा

माझ्या आत्याला सगळा बसस्टँड ठोकाबाई म्हणतो. हातात येईल ती वस्तू ती आधी ठोकून बघते. मी आठवीत शाळा सोडली तेव्हा तिनं माझ्या डोक्यावर टिचकी मारली आणि माझ्या बापाला म्हणाली, "पोकळ वाजतंय रे. कामाला लाव." तेव्हापासून मी स्टँडवर गाड्या धुते.

ही सवय तिला युद्धानं लावली. शाळेत आम्हाला युद्ध म्हणजे कोण जिंकलं आणि कोण हरलं एवढंच शिकवलं. पडलेल्या घरांचं पुढं काय करतात ते कुणी सांगितलं नाही. विटा साफ करतात. बायका ढिगाऱ्यावर बसून हातोडीनं जुना चुना पाडायच्या आणि वीट ठोकायच्या. खणखणीत वाजली तर नव्या भिंतीला, बद्द वाजली तर रस्त्याच्या भरावात. आमचं शहर असंच उठलं. आज जे ऐटीत फिरतात ना, ते कुणाच्या तरी न्हाणीघरावरून चालतात.

आत्या तेव्हा माझ्याएवढी होती. माझा बाप तिच्या कडेवर. मधला भाऊ, म्हणजे माझा काका, त्याला लढाई जवळ आल्यावर इतर पोरांबरोबर बसमध्ये बसवून लांब पाठवलं. तो रडायला लागला तेव्हा ही खिडकीपाशी जाऊन म्हणाली, "गप. घरीच भेटू." बस गेली. मागून सरहद्द बंद झाली. मग घरही पडलं.

पुढं ढिगारे उपसता उपसता तिच्यापुढं स्वतःच्याच घराच्या विटा आल्या. चुलीमागच्या, एका अंगानं धुरानं काळ्या. तिनं त्या बाकीच्यांसारख्याच साफ केल्या, फक्त काळी बाजू घासली नाही. तेव्हा हा स्टँड बांधायला घेतला होता. गवंडी काळी बाजू आत घालत होता. ही त्याच्याशी भांडली आणि ती बाहेर ठेवायला लावली. तेव्हापासून काम संपलं की ती प्रवाशांच्या खोलीत त्या काळ्या भिंतीखाली बसते. बापानं किती समजावलं. ऐकेल तर शपथ.

यंदा स्टँड पाडायला काढला. नवा काचेचा आणि लोखंडाचा.

मी तोंडाळ. सरळ विचारलं, "आत्या, काका आला तरी विटा ओळखणार आहे का?"

"त्यानं कशाला ओळखायच्या? मी ओळखेन त्याला."

"मग कुठंही बस की."

"कुठंही कशी बसू? घरी भेटू म्हणाले होते मी. रस्त्यात भेटू नाही म्हणाले."

भिंत पाडली त्या दिवशी मी गाड्या तशाच मळक्या सोडल्या आणि ढिगाऱ्यावर तिच्या शेजारी जाऊन बसले. ती चुना पाडायची, ठोकायची आणि विटेला कान लावायची. काही विटा बद्द वाजल्या. त्या तिनं स्वतःच्या हातानं भरावात टाकल्या. एकीला जास्त वेळ धरून बसली, मग तीही टाकली. मी पुढची वीट तिच्या हातात दिली.

नवा गवंडी बिचारा भला माणूस. म्हणाला, "मावशी, इथं विटेचं कामच नाही हो. एक पाण्याच्या टाकीखालचा ओटा तेवढा आहे."

"पाणी कोण पितं तिथं?"

"गाडीतून उतरेल तो."

"मग तिथंच लावा. काळी बाजू बाहेर."

"दिसेल कसं ते?"

"घरासारखं दिसेल."

ओटा झाला. खालची रांग काळी. गाड्या नव्या स्टँडवर यायला लागल्या. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी स्टँडचे साहेब आले, रुमालानं नाक पुसत म्हणाले, "हे कसले डाग? उद्या पाहुणे येणार. घासून काढ."

"नाही निघत, साहेब."

"घासून बघितलंस का?"

"नाही."

"मग?"

"मी नाही घासणार. दुसऱ्या कुणाला सांगितलंत तर मी त्याच्या हातातला ब्रश काढून घेईन."

त्यांनी मला त्याच दिवशी गाड्यांवरून काढून संडास धुवायला लावलं. लावू देत. ओट्याला त्यांनी रंग द्यायला माणूस पाठवला, तर तिथं आत्या बसलेली, पाठ विटांना टेकून. माणूस डबा घेऊन उभा राहिला. म्हणाला, "मावशी, जरा उठता का?"

"कोणती गाडी आली?" आत्यानं विचारलं.

"सरहद्दीकडची."

"मग आत्ता नाही उठत. उतरू देत सगळ्यांना."

लोक उतरत होते. मी संडासाच्या दारातून बादली घेऊन बघत होते. एकेक जण ओट्याशी येऊन वाकून पाणी पीत होता, आणि आत्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. शेवटचा प्रवासी गेला तेव्हा रंगवाल्यानं डब्याचं झाकण परत लावलं आणि तोही ओंजळीनं पाणी प्यायला.