बाबांवरचं भाषण

वेल्डरच्या थोरल्या लेकीला कॉलेजात स्पॅनिश आणि वक्तृत्व असे दोन्ही विषय होते. तोंडी परीक्षेला घरच्यांवर स्पॅनिशमध्ये भाषण करायचं होतं. बाईंनी बजावलं होतं, ज्याच्याबद्दल बोलाल तो समोर बसलाय असं समजून त्याच्याकडे हात करा, आणि काहीही झालं तरी मध्येच थांबू नका.

वेल्डर असा तापट, की ठिणग्या कामावर कमी आणि घरातच जास्त उडायच्या. पोरगी आईसमोर सराव करत होती. तिने बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे हात केला आणि नेमका तो दारात उभा. परकी भाषा आणि आपल्या खुर्चीवर रोखलेला हात बघून त्याचं डोकंच फिरलं.

"मला शिव्या देतेस?" म्हणत त्याने तिला भिंतीवर आपटलं आणि पट्टा काढला. आई मध्ये पडली, तर तिलाही फटके बसले. पोरगी मात्र हट्टाला पेटली. फुटल्या ओठाने शेवटच्या शब्दापर्यंत बोलली.

"असं बोललीस तरी काय त्यांना?" रक्त पुसत आईने विचारलं.

"बाबा शांत स्वभावाचे आहेत."

दुसऱ्या दिवशी परीक्षेत तिने तेवढं वाक्य बदलून खरं ते सांगितलं. बाई चपापल्या.

"वर्गात सराव करताना तर वेगळं बोलली होतीस."

"ते पाठ केलेलं होतं, बाई."