मागणी टेबल झाली

आई गेली तेव्हा ताईने शाळा सोडली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात नोकरी धरली. धाकटीला तिनेच हाताला धरून वाढवलं. धाकटी शिकली, फाडफाड इंग्रजी बोलू लागली आणि त्याच कारखान्यात परदेशी साहेबांची दुभाषी झाली. "माझी जीभ आता वरच्या मजल्यावर बसते," असं ताई कौतुकाने सांगायची.

पुठ्ठा कापायच्या मशीनला पुढे हात वाचवणारी जाळी नव्हती. बायकांनी जाळी मागितली आणि मागणी साहेबांपुढे मांडायचं काम धाकटीवर सोपवलं. मीटिंग संपवून ती खाली आली आणि म्हणाली, "ताई, मागणी टेबल झाली."

ताईने अर्थ विचारला. धाकटीने नीट समजावलं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ फळी. फळीचं झालं मेज आणि मेजावर कागद ठेवणं याचंच पुढे क्रियापद झालं. टेबल करणं म्हणजे चर्चेला मांडणं. बायकांचा जीव भांड्यात पडला.

उन्हाळा सरला, तरी जाळी आली नाही. मग एका दुपारी शेजारच्या मशीनवरच्या मावशींची दोन बोटं गेली.

दवाखान्यातून ताई तडक वर गेली. त्या मीटिंगला बसलेल्या हेडक्लार्कने तिला खुर्ची दिली. तो म्हणाला, आपण शाळेत शिकतो तो अर्थ बरोबरच आहे; पण साहेबांच्या देशात टेबल करणं म्हणजे विषय बाजूला ठेवणं. कागद मेजावर राहतो आणि माणसं पुढच्या विषयाकडे वळतात. साहेब तर जाळीबद्दल विचारत होते. 'सध्या टेबल करू या' असं धाकटीच म्हणाली होती.

घरी ताईने एवढंच विचारलं, "तुला दोन्ही अर्थ माहीत होते?"

धाकटी म्हणाली, "माझी नोकरी पक्की व्हायची होती. बायकांची कैवारी म्हणून नजरेत यायचं नव्हतं मला. आणि तुला खोटं काही सांगितलं नाही."

"खोटं सांगितलं असतंस तर बरं झालं असतं," ताई म्हणाली. "निदान मी तपासलं असतं."

दुसऱ्या दिवशी तिने बायकांना सगळं सांगितलं, बहिणीचं नावही लपवलं नाही. बायकांनी मशीनं बंद ठेवली. साहेब खाली आले, तेव्हा बोलायला हेडक्लार्क पुढे झाला. आठवड्याच्या आत जाळ्या बसल्या.

धाकटीची नोकरी पक्की झाली. दोघी अजून एकाच घरात राहतात. धाकटी ऑफिसातलं काही सांगू लागली, की ताई उठून मावशींकडे जाते, त्यांची वेणी घालून द्यायला.